जुन्या कार्डांचा वेग मोकळा करा

प्रति,
श्री. जेन्सन ह्वांग,
सहसंस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी, एनव्हिडिया,
सांता क्लारा, कॅलिफोर्निया

विषय : मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा पिढीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी लागणारे सही केलेले फर्मवेअर लिनक्ससाठी उपलब्ध करून देण्याबाबत



हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते वाचून आपल्यापर्यंत पोचवू शकतील अशी माणसे आपल्याच कंपनीत आहेत. पुण्यात आपले विकास केंद्र आहे आणि तिथे मराठी वाचणारे अभियंते काम करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण स्वतः मुंबईत आला होतात, भारत कृत्रिम बुद्धिमत्तेत काय करू शकेल यावर बोलला होतात. पुढे काय येणार आहे याबद्दल आपल्याशी बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते आपण याआधीच विकलेल्या आणि आजही धडधाकट असलेल्या कार्डांबद्दल.

मागणी आधी सांगते, कारणे नंतर. ज्या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर काढणे आपण थांबवले आहे, ती कार्डे पूर्ण वेगाने चालवायला लागणारे फर्मवेअर आपल्या डिजिटल सहीसह लिनक्सच्या विकासकांना द्या, आणि त्या फर्मवेअरशी बोलायचे कसे याची माहितीही द्या. थांबण्याचा आपला हक्क मला मान्य आहे. आपण थांबल्यावर दुसऱ्या कोणालाही पुढे जाता येऊ नये, ही स्थिती मात्र मान्य करता येत नाही.

२० डिसेंबर २०२५ रोजी आर्च लिनक्सने आपल्या वापरकर्त्यांना एक सूचना दिली. आपल्या ५९० क्रमांकाच्या ड्रायव्हरने पास्कल आणि त्याआधीच्या पिढ्या सोडल्या आहेत. आर्चची मुख्य एनव्हिडिया पॅकेजेस आता आपल्या खुल्या कर्नल मॉड्यूलवर गेली आहेत. हे मॉड्यूल ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांवरच चालते. त्यामुळे जुने कार्ड असलेल्या माणसाने नेहमीसारखे अपडेट केले, तर ड्रायव्हर लोड होणार नाही आणि कदाचित डेस्कटॉपही उघडणार नाही असे बजावण्यात आले होते. उपायही सांगितला होता : मुख्य पॅकेज काढा आणि आर्चच्या वापरकर्त्यांनीच सांभाळलेल्या एयूआर या भांडारातून ५८० मालिकेचे डीकेएमएस पॅकेज बसवा.

आर्चने हे नीट केले, वेळेवर केले. आपणही जुलै २०२५ मध्ये जाहीर केले होते की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टासाठीचा शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये येईल आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षा दुरुस्त्या मिळतील. जीटीएक्स ७५० टीआय हे मॅक्सवेलचे पहिले कार्ड फेब्रुवारी २०१४ मध्ये बाजारात आले. अकरा वर्षांहून अधिक काळ त्याला नवे ड्रायव्हर मिळत राहिले. या धंद्यात हा मोठा काळ आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानायला हवेत. माझी तक्रार या तारखेबद्दल नाही. तारीख उलटल्यावर काय शिल्लक उरते, हा माझा प्रश्न आहे.

तो समजण्यासाठी आर्चसारखी प्रणाली कशी चालते हे पाहावे लागेल. २००२ मध्ये सुरू झालेल्या आर्चला ठरावीक आवृत्त्या नाहीत. एकदा बसवली की ती रोज थोडी थोडी नवी होत जाते. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि आर्चमध्ये ती लवकरच पोचते. दर दोन-चार वर्षांनी सगळे पुसून नव्याने बसवण्याची कटकट नाही, गरजेपुरतेच सॉफ्टवेअर ठेवता येते, सुरक्षेच्या दुरुस्त्या लगेच मिळतात. जुने यंत्र वर्षानुवर्षे वापरणाऱ्या माणसाला ही पद्धत मानवते. याच पद्धतीत जुन्या बंदिस्त ड्रायव्हरची सर्वांत जास्त ओढाताण होते.

कारण असे, की लिनक्स कर्नलच्या आतली रचना कायम ठेवण्याचे वचन कर्नलचे विकासक देत नाहीत. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मोडणार नाहीत याची ते काळजी घेतात, पण कर्नलमधल्या फंक्शनांची नावे आणि त्यांचे नियम ते गरजेनुसार बदलतात. बदल करणाऱ्यावर एक जबाबदारी असते : कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या मूळ सोर्स कोडमध्ये, असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये त्यानेच ती दुरुस्ती करायची. म्हणून झाडातला ड्रायव्हर वीस वर्षांचा झाला तरी चालत राहतो. झाडाबाहेरच्या ड्रायव्हरला ही सोय नाही.

उदाहरणे आपल्या अभियंत्यांना पाठ असतील. २०२३ च्या ६.३ कर्नलमध्ये मेमरीच्या एका रचनेतले व्हीएम_फ्लॅग्ज हे फील्ड थेट लिहिण्यास बंद झाले आणि त्यासाठी वेगळे फंक्शन वापरणे सक्तीचे झाले. २०२५ च्या ६.१५ मध्ये टायमर थांबवणाऱ्या एका जुन्या फंक्शनचे नाव बदलले आणि बांधणीच्या वेळी वापरला जाणारा एक जुना पर्याय हटवला गेला. यातला प्रत्येक बदल एक-दोन ओळींचा. झाडातल्या ड्रायव्हरांना त्याचा पत्ताही लागला नाही. आपले जुने ड्रायव्हर मात्र त्या दिवसापासून बांधले जाईनात.

मग ते आजही चालतात कसे? आपल्या जुन्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. मोठा गाभा बंदिस्त बायनरी असतो. त्याभोवती एक पातळ थर असतो, जो कर्नलशी बोलतो, आणि तो सोर्स कोडच्या रूपात मिळतो. नवे कर्नल आले की डीकेएमएस हे साधन तो थर वापरकर्त्याच्या यंत्रावर पुन्हा बांधते. बांधणी मोडली की कोणीतरी स्वयंसेवक त्या थरात पॅच घालतो, इतर लोक तो तपासतात आणि एयूआरमधले पॅकेज पुन्हा उभे राहते. जीफोर्स ८ मालिकेसाठीच्या ३४० या ड्रायव्हरची आपली शेवटची आवृत्ती डिसेंबर २०१९ मधली. फर्मी पिढीसाठीच्या ३९० ची नोव्हेंबर २०२२ मधली. केप्लर पिढीसाठीच्या ४७० ची २०२४ मधली. आपण हात काढून घेतल्यानंतर हे तिन्ही ड्रायव्हर नव्या कर्नलांवर चालत राहिले ते या पॅचांच्या जोरावर. हे काम करणाऱ्यांना कोणी पगार देत नाही. आपण विकलेल्या वस्तूची निगा आपल्या ग्राहकांनी आपसांत वाटून घेतली आहे.

पण पातळ थराला पॅच घालून गाभा बदलत नाही. गाभ्यात सुरक्षेचे भगदाड सापडले तर ते कोणाला बुजवता येत नाही. गाभ्यात नसलेली सोय कोणाला भरता येत नाही. वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीचेच पाहा. लिनक्सवरचे वेलँड डेस्कटॉप स्क्रीनवर चित्र पाठवण्यासाठी जीबीएम ही पद्धत वापरतात. आपण तिची सोय दिली ती ऑक्टोबर २०२१ च्या ४९५ मालिकेपासून. केप्लरची कार्डे ४७० वर थांबली आहेत, म्हणजे त्यांना ती कधीच मिळणार नाही. तिकडे नोम या डेस्कटॉपने एक्स११ या जुन्या डिस्प्ले पद्धतीला निरोप देण्याचा मार्ग धरला आहे आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपने प्लाझ्मा ६.८ पासून फक्त वेलँड राहील असे जाहीर केले आहे. ड्रायव्हर बांधला जातो, लोडही होतो, पण ज्या डेस्कटॉपसाठी तो ठेवायचा तोच पुढे निघून जातो. पास्कलला आज हा त्रास नाही, कारण ५८० बराच नवा आहे. पण वेलँडनंतर दुसरे काहीतरी येईलच आणि त्या दिवशी ५८० चा गाभाही असाच गोठलेला असेल.

कोणी म्हणेल, अपडेट थांबवा. आर्चमध्ये एखादे पॅकेज अडवून धरता येते, पण बाकीची प्रणाली पुढे जात असताना एकच भाग मागे ठेवणे आर्चला मान्य नाही, कारण लायब्रऱ्या एकमेकींपासून तुटतात. दीर्घ मुदतीचे एलटीएस कर्नल ठेवणे हा चांगला उपाय आहे. जुने कार्ड असलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगते : मुख्य कर्नलच्या शेजारी एलटीएस ठेवा, दोन्हींचे हेडर बसवा, अपडेट करण्यापूर्वी आर्चची सूचना वाचा, आणि एक लाइव्ह यूएसबी तयार ठेवा, म्हणजे स्क्रीन काळी पडलीच तर बाहेरून शिरून दुरुस्ती करता येईल. पण आर्चमध्ये एलटीएसही दरवर्षी नव्या मालिकेवर जाते. त्याने वेळ मिळतो, सुटका मिळत नाही.

डेबियनसारखी स्थिर प्रणाली वापरा असेही सांगितले जाते. तिथे हाच प्रश्न दोन-तीन वर्षांनी येतो, इतकाच फरक. शिवाय तो येईपर्यंत त्यावरचा पॅच बहुतेक वेळा आर्चसारखी प्रणाली वापरणाऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला असतो. नव्या कर्नलशी पहिली गाठ ज्यांची पडते, त्यांच्या मेहनतीचा फायदा मागून येणाऱ्या सगळ्यांना होतो.

खरा कायमचा मार्ग एकच आहे : ड्रायव्हर कर्नलच्या झाडात असणे. तो मार्ग आपल्या कार्डांसाठीही आहे. त्याचे नाव नूव्हो. आपल्या कार्डांचे वर्तन बाहेरून निरखून, त्यांच्या नोंदी उलगडून स्वयंसेवकांनी हा खुला ड्रायव्हर लिहिला, आणि फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ कर्नलपासून तो झाडात आहे. त्याच्या जोडीला आता मेसा या खुल्या ग्राफिक्स संग्रहातला एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर आला आहे. २०२५ मध्ये तो मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टावरही प्रमाणित झाला. म्हणजे आधुनिक खेळ आणि प्रोग्रॅम ज्या भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलतात, ती भाषा जुन्या कार्डांना खुल्या ड्रायव्हरमार्फत समजू लागली आहे. एवढे सगळे जुळून आले आणि आता गाडी एकाच ठिकाणी अडली आहे. ते ठिकाण आपल्या हातात आहे.

ग्राफिक्स कार्ड सुरू होते तेव्हा ते मंद वेगात असते. काम पडले की ड्रायव्हर घड्याळाचा वेग आणि व्होल्टेज वाढवतो. केप्लरवर आणि पहिल्या मॅक्सवेलवर, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआयसारख्या कार्डावर, नूव्होला हा वेग वाढवता येतो, निदान वापरकर्त्याने हाताने सांगितले तर. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० च्या पिढीपासून आपण नियम बदललात. कार्डातले व्होल्टेज आणि पंखा सांभाळणारे पीएमयू हा छोटा नियंत्रक आता फक्त आपली डिजिटल सही असलेले फर्मवेअर स्वीकारतो. ग्राफिक्स इंजिन चालू करण्यापुरते सही केलेले फर्मवेअर आपण नूव्होला दिलेत. वेग वाढवणारे पीएमयू फर्मवेअर दिले नाहीत. त्यामुळे मे २०१६ मध्ये आलेले जीटीएक्स १०८०, सात अब्जांहून अधिक ट्रान्झिस्टर आणि १,६०७ मेगाहर्ट्झचा मूळ वेग असलेले, नूव्होवर सुरू होतानाच्या मंद वेगात अडकून पडते.

ट्युरिंगपासून पुढे हा प्रश्न उरलेला नाही. त्या कार्डांत जीएसपी नावाचा नियंत्रक आहे, वेग तोच सांभाळतो, आणि त्याचे सही केलेले फर्मवेअर लिनक्सच्या फर्मवेअर भांडारातून वाटायची परवानगी आपण दिली आहे. २०२२ मध्ये आपण खुले कर्नल मॉड्यूल प्रसिद्ध केलेत तेव्हा लिनक्सच्या जगात खरा आनंद झाला होता. पण याचा परिणाम असा, की ट्युरिंगपासूनची कार्डे खुल्या ड्रायव्हरवर पूर्ण वेगाने चालू शकतात, २०१२ चे केप्लर वेग वाढवू शकते, आणि मधल्या पिढ्यांची कार्डे, जी आपल्या सर्वांत लोकप्रिय कार्डांपैकी आहेत, तेवढीच बांधून ठेवलेली आहेत.

ती कोणाकडे आहेत ते सांगते. जीटीएक्स १०६० अनेक वर्षे स्टीमच्या सर्वेक्षणात सर्वांत जास्त वापरले जाणारे कार्ड होते. जीटीएक्स १०५० टीआयला अवघी ७५ वॅट वीज पुरते आणि वेगळ्या केबलविना ते मदरबोर्डवरूनच चालू शकते, म्हणून कमी ताकदीच्या एसएमपीएसवर चालणाऱ्या असंख्य घरगुती संगणकांत ते बसवले गेले. एमएक्स३५० हे पास्कलचे लॅपटॉप कार्ड आपण २०२० मध्ये बाजारात आणलेत. असा लॅपटॉप २०२१ मध्ये घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हिशेबात अकरा वर्षे नाहीत, जेमतेम चार-साडेचार आहेत. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत पी१०० आणि व्ही१०० ही कार्डे आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मधल्या कुडा १३ पासून त्यांच्यासाठी कोड तयार करण्याची सोय बंद झाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या सुट्या भागांवर कितीतरी पहिलेवहिले संगणक उभे राहतात. पहिला थ्रीडी प्रकल्प, पहिले व्हिडिओ संपादन, न्यूरल नेटवर्क शिकण्याचा पहिला प्रयत्न अशा यंत्रांवर होतो.

त्यात वेळही अशी आली, की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा संपला. विंडोज ११ च्या अटींमध्ये सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची यंत्रे सहसा बसत नाहीत. २०१६-१७ मधल्या याच यंत्रांमध्ये पास्कल कार्डे आहेत. ज्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने त्यांचा हात सोडला, शेवटच्या गेम रेडी ड्रायव्हरसाठी आपण जाहीर केलेला महिनाही तोच होता. त्यांना उरलेला प्रामाणिक रस्ता लिनक्सचा, आणि त्या रस्त्यावर त्यांच्या कार्डाचा वेग आपल्या सहीवाचून अडलेला. नवे घ्या म्हणावे, तर २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीमुळे कुठल्या कुठे गेले आहेत. ही मागणी कुठून येते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या बाजूला एएमडीकडे पाहा. २००७ मध्ये त्यांनी स्वतःच्या कार्डांची माहिती खुली करायला सुरुवात केली. त्या निर्णयाचे फळ २०२६ च्या सुरुवातीलाही मिळत आहे. लिनक्स ६.१९ पासून जानेवारी २०१२ च्या रेडिऑन एचडी ७९७० च्या पिढीतली कार्डे आपोआप नव्या एएमडीजीपीयू ड्रायव्हरवर चालू लागली आहेत, आणि त्यामुळे त्यांना व्हल्कन वेगळी खटपट न करता मिळते. हे काम मुख्यतः व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या एका अभियंत्याने केले. एएमडीला त्या जुन्या कार्डांसाठी माणसे बसवावी लागली नाहीत. त्यांनी दार बंद केले नव्हते, म्हणून दुसरा कोणी आत येऊन काम करू शकला. आपल्याकडूनही एवढेच हवे आहे.

याला काय आक्षेप येतील, याचा मी विचार केला आहे.

पहिला सुरक्षेचा. फर्मवेअरला सही लावण्यामागे कारण आहे. कमी दर्जाच्या कार्डात बनावट बायोस घालून ते महागड्या नावाने विकणारे लोक आहेत, आणि त्यांना आळा बसायलाच हवा. म्हणूनच आम्ही आपली सही करण्याची किल्ली मागत नाही. आपणच सही केलेली तयार फाइल मागतो. ती फाइल कोणी बदलली तर कार्ड ती नाकारेल, आणि तसेच व्हावे. जीएसपीच्या फर्मवेअरच्या बाबतीत आपण हेच केले आहे आणि त्याने आपली सुरक्षा ढासळलेली नाही.

दुसरा मेहनतीचा. हे फर्मवेअर नव्याने लिहायचे नाही. आपल्या ५८० ड्रायव्हरच्या पोटात ते आहेच, त्याच्याच जोरावर तो ड्रायव्हर कार्डाचा वेग वाढवतो. ते वेगळे काढायचे, वाटण्याची परवानगी देणारा परवाना जोडायचा आणि त्याला आज्ञा कशा द्यायच्या याचे टिपण लिहायचे. ड्रायव्हरमधले काम बाहेरचे लोक करतील. ते ते करू शकतात, हे त्यांनी नूव्हो आणि एनव्हीके लिहून दाखवले आहे.

तिसरा गुपितांचा. पास्कल ही २०१६ ची, मुख्यतः सोळा नॅनोमीटरची रचना आहे. त्यानंतर ट्युरिंग, अँपिअर, एडा आणि ब्लॅकवेल अशा पिढ्या येऊन गेल्या. दहा वर्षांपूर्वीच्या कार्डाचे व्होल्टेज कसे वाढते, हे कळून आपल्या स्पर्धकाला कोणता लाभ होणार आहे? काही भागात इतर कंपन्यांचे हक्क गुंतलेले असतील, तर तेवढा भाग वगळा आणि तसे स्पष्ट सांगा. अडचण कुठे आहे हे कळले, तरी विकासकांना त्याला वळसा घालून काम करता येते.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही : जुने कार्ड चालत राहिले तर नवे कोण घेणार? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. चालू स्थितीतले कार्ड केवळ सहीअभावी त्या ढिगात जाऊ देणे, हे आपल्या कंपनीला शोभणारे नाही. आणि आपली वाढ आज घरगुती कार्डांच्या बदलीवर उभी नाही, हे आपले ताळेबंद सांगतात.

म्हणून तीन विनंत्या आहेत.

पहिली आणि मुख्य. जीटीएक्स ९७० ची पिढी, पास्कल आणि व्होल्टा यांचे सही केलेले पीएमयू फर्मवेअर लिनक्सच्या फर्मवेअर भांडारात द्या, वाटण्याच्या परवान्यासह आणि वापराच्या टिपणासह. सप्टेंबर २०१३ मध्ये आपण नूव्होच्या विकासकांना कार्डांची माहिती देण्याची तयारी स्वतःहून दाखवली होती आणि काही कागदपत्रे प्रसिद्धही केली होती. ते अर्धे राहिलेले काम पुरे करा.

दुसरी. ५८० ड्रायव्हरचा कर्नलशी बोलणारा थर एका सार्वजनिक भांडारात ठेवा आणि नव्या कर्नलसाठी बाहेरून आलेले पॅच तिथे स्वीकारा. आज एकच दुरुस्ती वेगवेगळ्या प्रणालींचे लोक आपापल्या कोपऱ्यात करत बसतात. ती एकाच जागी, आपल्या नजरेखाली होऊ द्या. ३४०, ३९० आणि ४७० यांचा पाठिंबा तर पूर्ण संपला आहे. त्यांच्या कर्नल भागाचा सोर्स कोड कायद्याने जितका देता येईल तितका द्या.

तिसरी पुढच्या ग्राहकांसाठी. प्रत्येक कार्डाच्या आणि लॅपटॉप चिपच्या माहितीपत्रकावर पाठिंब्याची मुदत लिहा, आणि ती मोजा ते कार्ड शेवटचे विकले गेल्यापासून. युरोपीय संघाने जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅबलेटसाठी असाच नियम केला आहे : विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षे अपडेट. ग्राफिक्स कार्ड मोबाइलपेक्षा जास्त टिकते. त्याला त्याहून कमी मुदत का असावी?

आता दोन शब्द आपल्या पुण्याच्या केंद्रातल्या अभियंत्यांसाठी, कारण हे पत्र सर्वांत आधी त्यांच्याच हाती पडेल. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी पहिला लिनक्स अशाच एखाद्या जुन्या यंत्रावर बसवला असेल, दुसऱ्या कोणीतरी फुकट लिहिलेल्या कोडच्या आधाराने शिकला असाल. कंपनीचे धोरण एका माणसाने बदलत नाही हे मी जाणते. पण कोणत्या बैठकीत हा विषय मांडायचा, परवान्याचा मसुदा कोणाच्या टेबलावर अडला आहे, तांत्रिक टिपण लिहायला किती दिवस लागतील, हे तुम्हालाच ठाऊक आहे. बाहेरचे हजार लोक जे करू शकत नाहीत, ते आतली चार माणसे चिकाटीने करू शकतात. तेवढी चिकाटी दाखवा.

श्री. ह्वांग, आपण कार्ड विकता तेव्हा ग्राहक पूर्ण वेगाची किंमत मोजतो. तो वेग त्या सिलिकॉनमध्ये आहे, त्याने विकत घेतलेला आहे. आपला ड्रायव्हर थांबला म्हणून तो वेग त्याच्याकडून काढून घेतला जाऊ नये. आपल्याकडून पुढची दहा वर्षे नवे ड्रायव्हर लिहून मागत नाही. ते काम करायला लोक तयार आहेत, त्यांनी बहुतांश करूनही ठेवले आहे. त्यांना फक्त आपली सही हवी आहे, आणि ती देणारे दुसरे कोणी या जगात नाही.

या पत्राला पत्रानेच उत्तर द्यावे असा आग्रह नाही. लिनक्सच्या फर्मवेअर भांडारात पास्कलच्या नावाने त्या फायली आल्या, की पत्र पोचले असे आम्ही समजू आणि त्याच आठवड्यात कामाला लागू.



आपली,
पुण्यातील एक आर्च लिनक्स वापरकर्ती